मागून तिसरी

मेंढी मेली की नाही, यावर दिशाचं एम.ए. अडलं होतं.

कादंबरीच्या शेवटच्या पानावर म्हाताऱ्या मेंढपाळाची लाडकी मेंढी बिबट्या नेतो, आणि म्हातारा उरलेला कळप घेऊन घाट चढतो. त्याच कादंबरीवरच्या सिनेमात ती रक्ताने माखून मरून पडलेली दिसते खरी, पण शेवटच्या दृश्यात कळप घाट चढतो तेव्हा हीच बया मागून तिसरी, खुशाल मान हलवत चाललेली असते. दिशाने यावर अकरा पानं लिहिली होती. दिग्दर्शकाने मूळ शोकांतिका जाणीवपूर्वक नाकारली, मेंढीला पुन्हा उभं करून आशेचं प्रतीक घडवलं, वगैरे वगैरे. बाकीचा प्रकल्प म्हणजे आधी कादंबरीचा सारांश, मग सिनेमाचा सारांश. सोमवारी बाहेरचे परीक्षक यायचे होते.

"ही अकरा पानंच काय ती तुझी," तिच्या मार्गदर्शक रोहिणी मॅडम म्हणाल्या. "पण दिग्दर्शकाने हे मुद्दाम केलं, याला पुरावा काय? परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारणार. उत्तर नसेल तर वर्ष गेलं समज."

हे त्या दिशाच्या गावी, डिंगोऱ्यात, मेंढरांच्या जाळीपाशी उभ्या राहून बोलत होत्या. शूटिंग इथलंच आणि कळप दिशाच्या आजोबांचा, हे कळल्यावर त्या मंचरहून स्वतःच आल्या होत्या. दिशाने तीन महिने हे त्यांच्यापासून लपवलं होतं. तिला आबांची लाज वाटत नव्हती, धास्ती वाटत होती. सिनेमा गावात पडदा लावून दाखवला, तेव्हा नायिका धाय मोकलून रडत असताना आबा मागून ओरडले होते, "ती बघा, आपली काळतोंडी!" आणि त्यांना विचारायचं म्हणाल तर, संदर्भग्रंथांच्या यादीत आजोबा कुठे बसवायचे हेच तिला ठाऊक नव्हतं.

बहिरूआबा घोंगडीवर बसून तंबाखू मळत होते.

"आजोबा, शूटिंगच्या वेळी तुम्ही होतात ना?" मॅडमनी विचारलं.

"मी नसतो तर मेंढरं कुणी हाकली असती? त्या नटानं? त्यो आमच्या कुत्र्याला भ्यायचा."

"मग मला सांगा, मेलेली मेंढी शेवटी परत कशी आली?"



"मेली कवा?" आबा म्हणाले. "निजली व्हती. तिला लाल रंग फासला, मी अंगावर हात ठिवला, पडून ऱ्हायली. लई गुणाची हाय काळतोंडी."

"हो, पण नंतर घाटात?"

आबांनी आजूबाजूला पाहिलं. तो टोपीवाला दिग्दर्शक अजून इथेच कुठे असेल, अशा थाटात त्यांनी आवाज उतरवला.

"त्यो म्हनला, हिला खाली झाडाला बांधा, ही मेली आता. बाकीची वर घाला. आता तुमीच सांगा मॅडम, धडधाकट जनावर मागं बांधून कळप घाटावर घालायचा? आमच्यात निघायच्या आधी मोजत्यात. एक कमी भरलं तर पाऊल उचलायचं न्हाई, माघारी जाऊन हुडकायचं. माझ्या बापानं कधी उचललं न्हाई. म्या वढ्यावर रंग धुतला अन् दिली सोडून घोळक्यात. त्यो बसलाय यंत्राला डोळा लावून. त्याला काय, काळी काय अन् ढवळी काय."

दिशा मटकन दगडावर बसली. अकरा पानं, प्रतीक, आशा, सगळं त्या लाल रंगाबरोबर ओढ्याने वाहून गेलं होतं. तिला रडू यायला लागलं.

मॅडम मात्र हसत सुटल्या. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

"म्हणजे कादंबरीचा शेवट तुम्ही बदललात!"

आबा दचकले. "म्या कशाला कुणाचं काय बदलू बाई? म्या मेंढरं मोजली."

"ऐकलंस?" मॅडम दिशाकडे वळल्या. "त्या अकरा पानांत जिथे जिथे दिग्दर्शक आहे, तिथे तो खोड आणि यांचं नाव घाल. पुरावा समोर तंबाखू मळतोय. कारणही तेच लिही, जसं सांगितलं तसं."

दिशाने नाक पुसलं आणि पेन काढलं. पहिलंच वाक्य दुरुस्त झालं: बहिरू गेणभाऊ यांनी मूळ शोकांतिका जाणीवपूर्वक नाकारली. तिने ते दोनदा वाचलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच आपण काहीतरी खरं लिहिलंय असं तिला वाटलं, आणि इतके दिवस याच माणसाला मॅडमपासून लपवत होतो याची लाजही वाटली.

आबांनी दिशाजवळची कादंबरी हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली. वाचता येत नव्हतं, पण मुखपृष्ठावरचा म्हातारा आणि त्याचा कळप दिसत होता.

"ह्यात काय व्हतं गं तिचं?"

"ह्यात बिबट्या नेतो तिला, आबा."

"अन् म्हातारा?"

"मोजतो. एक कमी भरते. मग बाकीची घेऊन निघतो."

"कवाचं पुस्तक हाय?"

"चाळीस वर्षं झाली."

आबांनी पुस्तक मिटलं, घोंगडीवर ठेवलं आणि चित्रातल्या म्हाताऱ्यावर बोट टेकवलं.

"चाळीस वर्षं एक कमी घिऊन चाललाय त्यो," ते म्हणाले. "अन् एवढ्या वाचणाऱ्यातलं कुणीच माघारी गेलं न्हाई हुडकायला?"