अर्धी प्रदक्षिणा

“सांगा सावित्राबाई, तुमची मोटारसायकल चौकात कुठल्या बाजूने वळत होती?”

सावित्राबाईंनी साक्षीदाराच्या पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला. उत्तर तोंडपाठ होतं. भाचा तुषारच्या वकिलाने ते कालच घोटून घेतलं होतं. आमची गाडी डावीकडून नीट वळसा घालत होती, टेंपो भरधाव आला आणि धडकला. एवढं बोलून खाली उतरायचं. मग तुषारला पायाच्या दुखापतीची भरपाई मिळणार होती. पायात सळई घातल्यापासून त्याला आंबीच्या कारखान्यात उभं राहून काम करता येत नव्हतं, आणि अजून एक ऑपरेशन बाकी होतं.

समोरच्या बाकावर टेंपोवाला सोहेल बसला होता. पोरगं पार वाळून गेलं होतं. केस अंगावर आल्यापासून मालकाने त्याच्या हातात किल्ली दिली नव्हती. त्या दिवशी रक्ताने माखलेल्या तुषारला त्यानेच उचलून दवाखान्यात नेलं होतं. वाटभर म्हणत होता, “मावशी, घाबरू नका, मी आहे ना.” आज त्याच्याकडे बघायचंच नाही, असं बाईंनी ठरवलं होतं. पण डोळे ऐकतील तर शपथ.

मळवलीच्या बाजूला रस्ता रुंद करायचा निघाला तेव्हा महादेवाचं जुनं देऊळ हलवू द्यायला गावाने साफ नकार दिला. मग देवाला मधोमध ठेवून रस्ताच त्याच्याभोवती फिरवला, तोच हा चौक. साहेबांचं भागलं, गावाचंही भागलं. पंचाईत झाली ती सावित्राबाईंची. महादेवाची प्रदक्षिणा अर्धीच घालायची, पिंडीचं पाणी जिथून बाहेर पडतं ती पन्हाळ ओलांडायची नाही, हे आईने त्यांना परकराच्या वयात शिकवलेलं. आणि उजवीकडे जायचं तर देवळाला वळसा घालताना गाडी नेमकी त्या पन्हाळीपुढूनच न्यायची! त्या दिवशी मागे बसल्या बसल्या त्या तुषारला म्हणाल्या होत्या, “पन्हाळ वलांडू नगंस, बाबा. हितनंच उजवीकडं घे.” त्याने घेतली. समोरून नीट वळसा घालत सोहेलचा टेंपो येत होता.

शुद्धीवर आल्यावर तुषारने त्यांना एका शब्दानेही बोल लावला नाही. पोलिसांना त्याने टेंपोचीच चूक सांगितली. आपल्यासाठी पोर खोटं बोललं, या विचाराने बाईंच्या घशाखाली घास उतरेना. त्याचा पाय शेकताना त्या तोंड फिरवून रडत. देवाला जपायला गेल्या आणि एका पोराला लंगडं, दुसऱ्याला बेकार करून बसल्या. देवळासमोर हात जोडायचीही त्यांना लाज वाटे.

“बाई, बोला ना,” वकील म्हणाला.

“उलट्या बाजूनं,” सावित्राबाई म्हणाल्या. “सोहेलची कायबी चूक न्हाई, साहेब. तुषारला तसं वळायला मीच सांगितलं. माझ्यामुळं झालं समदं.”

वकिलाने कपाळाला हात लावला. सोहेलने डोळे मिटून घेतले. गालावर ओघळलेलं पाणी पुसायचं त्याला सुचलं नाही.

बाहेर व्हरांड्यात तुषार कुबडी टेकून उभा होता. सावित्राबाईंनी त्याचे दोन्ही हात धरले.

“तुझा पाय बी माझ्यामुळं मोडला, अन् भरपाई बी माझ्यामुळंच गेली. पर त्या पोराचे हाल बघवंनात रं. मला वाचवायला तू इतके दिस गप ऱ्हायलास, ते मी जल्मात इसरायची न्हाई.”

तुषार त्यांच्याकडे बघतच राहिला. “तुला वाचवायला? आत्या, मला वाटायचं, तूच मला वाचवायला गप बसलीस.”

“म्हंजी? पन्हाळ वलांडू नगंस, असं मीच म्हनले न्हवं तुला?”

“मला काय ऐकूच आलं न्हाई. कानात गाणी लावली होती.”

“मग उलटा का वळलास, बाबा?”

तुषारने मान खाली घातली.

“वळसा लांब पडतो, आत्या. मी तर रोजच तसा वळायचो.”