सावली नसलेलं नाणं

डब्यात चाळीस नाणी होती. नाणेपारख्याने ती दोनदा मोजली, हिरव्या कापडावर दहा-दहाच्या चार ओळींत मांडली आणि भिंग डोळ्याला लावलं.

"सगळी एकाच वर्षाची. कोणी जमवली?"

"बाबांनी. तीस वर्षं," मुलगी म्हणाली. "आई म्हणायची, त्या भिंगातून कधी माझ्याकडे पाहिलं असतंत तर संसार तरी दिसला असता."

पारखी हसला. ती हसली नाही. संध्याकाळी पाचपर्यंत पैसे भरले तर बाबांचं ऑपरेशन उद्या होणार होतं. नाहीतर नंबर पुढच्या आठवड्यात, आणि बाबांकडे आठवडा नव्हता. बांगड्या विकून झाल्या होत्या, नातेवाइकांपुढे हात पसरून झाले होते. उरला होता हा डबा.

बाबांना काही विचारायची सोय नव्हती. झटका आल्यापासून त्यांची वाचा गेली होती. सकाळी डॉक्टरांना त्यांचं वजन हवं होतं आणि वॉर्डातला काटा बिघडलेला. तिने त्यांना कसंबसं कॉरिडॉरच्या टोकाला नेऊन वजनयंत्रावर उभं केलं, तेव्हा त्यांनी तिची मूठ अशी आवळली की नखं रुतली. "नाही पडणार हो बाबा, मी आहे ना," म्हणत तिने त्यांचं एकेक बोट सोडवलं होतं.

पारख्याने पहिलं नाणं तिच्यापुढे सरकवलं. "अक्षरांच्या बाजूला सावली दिसते?"

"दिसते की! चक्क दोनदा छापलंय."

"इथेच माणूस फसतो. यंत्रात साचा सैल असला की दणक्यासरशी तो घसरतो आणि अक्षराची कड चेपतो. ही बघा, सपाट पायरी. अशी नाणी पोत्याने मिळतात. भाजीवाल्याला द्या, तो घेईल. मी नाही घेणार."

"आणि खरं कसं असतं?"

"खऱ्यात साचा घडतानाच त्यावर अक्षरं दोनदा उठलेली असतात. सावली नाही, पायरी नाही. अक्षर जरा जाड, टोकाला बारीक फट, बस्स. तसं एक जरी निघालं ना ताई, तर ऑपरेशन होऊन वर्षाची औषधं येतील."

तिने खुर्ची पुढे ओढली.

"पायरी," पारखी म्हणाला. पुढचं उचललं. "पायरी." तिसरी ओळ संपली तेव्हा त्याने बोलणं सोडलं आणि नुसती मान हलवू लागला. चाळीसावं नाणं त्याने जरा जास्त वेळ धरलं. मग तेही खाली ठेवलं.

"पुन्हा एकदा बघा ना, काका. पाया पडते."

त्याने पुन्हा पाहिली. चाळीसच्या चाळीस. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते.

डबा परत करताना त्याच्या तळाशी अंथरलेला कागद सुटून आला. त्यावर बाबांच्या बारीक अक्षरात यादी होती. पारख्याने सवयीने शेवटचा आकडा पाहिला, आणि त्याचं बोट थांबलं.

"इथे एकेचाळीस नोंदी आहेत." तो ओळीओळीने वर सरकला. "क्रमांक सव्वीस. 'अक्षरं जाड. टोकांना फट. पायरी नाही.' खाली दोन रेघा ओढल्यात." त्याने मान वर केली. "ताई, हे कुठे आहे?"

सकाळी तिच्या पर्समध्ये सुटे नव्हते, आणि वजनयंत्र नाणं टाकल्याशिवाय चालत नव्हतं. बाबांच्या जमवलेल्या नाण्यांना हात लावायला नको, म्हणून तिने पिशवीतल्या डब्यातून सावली नसलेलं, चुकून आलेलं वाटणारं एकमेव साधं नाणं शोधून काढलं होतं. ती हॉस्पिटलमधून निघाली तेव्हा निळ्या डगल्यातला एक माणूस त्या यंत्राची पेटी पोत्यात रिकामी करत होता.

तिने पर्समधून यंत्राची चिठ्ठी काढली. वजन बेचाळीस किलो सहाशे ग्रॅम.