विश्वेश्वरपंतांची सोबत

आनंदीआक्कांनी विश्वेश्वरपंतांना जन्माला घातलं ते दुधी किसता किसता.

समोर त्यांचे धाकटे भाऊ वेणीमाधवशास्त्री बसले होते आणि बकुळचं पुण्याला जाणं रद्द झालं असं सांगत होते. बकुळ त्यांची एकुलती मुलगी, सोळा वर्षांची, आईवेगळी. पुण्यात मुलींच्या एका शाळेत तिला शिक्षिका होण्याच्या वर्गात जागा मिळाली होती. सोमवारी हजर झाली नाही तर ती जागा दुसरीला जाणार होती. काशीनाथपंतांच्या कुटुंबाबरोबर ती निघायची, पण त्यांच्या घरी परवाच नातू जन्मला आणि सोयर फिटेपर्यंत ते हलायला तयार नव्हते. शास्त्रीबुवांनी स्वतः काशीची वेस न ओलांडण्याचं व्रत घेतलेलं. गंगेपलीकडे रामनगरलाही ते जात नसत. आक्कांचे गुडघे तर त्यांना घाटाच्या पायऱ्याही उतरू देत नव्हते.

“सोबत असती तर पाठवली असती,” शास्त्रीबुवा म्हणाले. “एकटी मुलगी गाडीत बसवली तर लोक काय म्हणतील?”

आक्का दुधी किसतच म्हणाल्या की सोबत आहे. विश्वेश्वरपंत म्हणून पुण्याचे एक गृहस्थ रामनगरला लेकीकडे आले आहेत. निवृत्त पोस्टमास्तर. त्याच गाडीनं परत निघालेत.

पडद्याआड उभ्या बकुळनं तोंडात पदर कोंबला.

शास्त्रीबुवा न्यायशास्त्र शिकवत. पुराव्यावाचून विद्यार्थ्याचं एक वाक्य ते पुढे जाऊ देत नसत. वय काय, संध्या करतात का, स्वभाव कसा, हे सगळं त्यांनी विचारलं. आक्का उत्तरं देत गेल्या आणि रात्रीच्या जेवणापर्यंत विश्वेश्वरपंतांना पासष्टावं वर्ष, थोडा मधुमेह आणि कांद्याचा तिटकारा प्राप्त झाला. एकदा घरी जेवायला बोलाव, असं भावानं सांगितलं, तेव्हा त्यांनी पंतांना घाईघाईनं एक अनुष्ठानही लावून दिलं. ते संपेपर्यंत परान्न चालणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आत्या आणि भाची एक्का करून छावणी स्टेशनावर गेल्या. बकुळनं टाइमटेबल पाठ केलं होतं. मोगलसरायला मुंबईची गाडी धरायची, मनमाडला उतरून पुण्याची. खिडकीतल्या बाबूनं चष्म्यावरून दोघींकडे पाहिलं.

“पूना, जनाना, एक ही टिकट? साथ में कोई नहीं?”

“हैं न, हमारे काका,” बकुळ म्हणाली. “उनका टिकट हो चुका है.”

बाबूनं तिकीट सरकवलं. बाहेर आल्यावर दोघी इतक्या हसल्या की एक्केवाल्यानं घोड्याला काही झालं की काय म्हणून खाली उतरून पाहिलं. घरी येईतो मात्र आक्कांचं हसू गेलं. उद्या ही पोर खरोखर एकटी जाणार आहे, हे त्यांच्या तेव्हा नीट ध्यानात आलं. बकुळनं त्यांचा हात धरला आणि मोगलसराय, मनमाड, पुणे असं तीनदा म्हणून दाखवलं.

निघायच्या दिवशी शास्त्रीबुवा स्वतः स्टेशनावर आले. आक्कांनी आधीच सांगून ठेवलं होतं की पंत पुरुषांच्या डब्यात, खूप पुढे बसले आहेत. शास्त्रीबुवा मान हलवून पुढे गेले आणि थोड्या वेळानं परत आले. बायकांच्या डब्याच्या खिडकीशी उभं राहून त्यांनी बकुळला सांगितलं की मनमाडला आधी ट्रंक मोजून हमालाच्या हाती दे, पाणी घ्यायला खाली उतरू नकोस आणि पोहोचलीस की तार कर. बकुळनं डोळे पुसले.

तेवढ्यात ढुंढिराजभटजी आले. हे मुन्शी घाटावरचे शेजारी, आणि यांना सकाळी कळलेलं संध्याकाळपर्यंत काशीतल्या सगळ्या मराठी घरांत कळत असे.

“पोरीबरोबर कोण आहे, शास्त्रीबुवा?” त्यांनी विचारलं.

आक्का मध्ये बोलायला पुढे सरकल्या. भटजींना संशय आला असता तर शास्त्रीबुवांनी बकुळला तिथल्या तिथे खाली उतरवलं असतं.

“पुण्याचे विश्वेश्वरपंत,” शास्त्रीबुवा शांतपणे म्हणाले. “पुढच्या डब्यात आहेत. आत्ताच बोलून आलो. पाय सुजलेत, म्हणून उतरत नाहीत.”

आक्का भावाकडे बघतच राहिल्या. ढुंढिराजभटजी पंतांना भेटायला म्हणून पुढे निघाले, पण शिट्टी झाली आणि गाडी हलली. त्यांनी जागेवरूनच पुढच्या डब्याला हात जोडले. खिडकीतल्या कुणा पांढऱ्या मिशीवाल्या म्हाताऱ्यानं गोंधळून उलट नमस्कार केला. बकुळ बराच वेळ हात हलवत होती. मग गाडी वळली.

स्टेशनाबाहेर येताना भटजी शास्त्रीबुवांच्या कानाशी लागून काहीतरी विचारत होते. आक्का मागून लंगडत चालल्या होत्या. आपला भाऊ कुणा भलत्याच माणसाशी बोलून आला आणि फसला, असं त्यांना वाटत होतं. बिचाऱ्यानं जन्मात कधी खोटं सांगितलं नाही, आणि आपण त्याला असं बनवलं. एक्का निघाला तेव्हा त्यांना राहवेना.

“वेणी, तू नक्की कुणाशी बोललास रे?”

शास्त्रीबुवांनी उपरणं झटकून नीट खांद्यावर घेतलं.

“ढुंढिराजनं पंतांचं गोत्र विचारलं,” ते म्हणाले. “मी काश्यप सांगितलं. ज्याचं गोत्र कुणालाच ठाऊक नसतं, त्याला तेच लावतात. तूही आता तेच सांग, आक्का.”