तिसरा नमुना

पहिली गोळी सुटली तेव्हा पहारेकऱ्याला निशाण दिसतच नव्हतं. शंभर पावलांवर मातीचा बांध आहे, बांधावर कागद आहे आणि कागदावर काळा ठिपका आहे, एवढं त्याला तीस वर्षांच्या नोकरीमुळे तोंडपाठ होतं. डोळ्यांना मात्र समोर दुधावरची साय दिसत होती. चटईवर पालथं पडून त्याने सायीच्या साधारण मध्यावर नेम धरला आणि चाप ओढला. गोळी कुठे गेली ते गोळीलाच माहीत. बांधापलीकडच्या भंगारातलं एक पिंप टणकन वाजलं, एवढीच तिची खबर.

निवृत्तीला आठ महिने राहिले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय हे कारखान्यात कळलं असतं, तर त्याच संध्याकाळी बंदूक जमा, गडी घरी आणि पूर्ण पेन्शनवर पाणी. ऑपरेशन करून घे म्हटलं तर सुईचं नाव काढताच हा बंदूकवाला पलंगाखाली शिरायचा. ही गोष्ट फक्त बायकोला माहीत होती, आणि बायकोला माहीत म्हणजे तिच्या भावालाही. हा मेहुणा त्याच कारखान्यात कामाला होता. चांदमारीच्या दिवशी बांधामागच्या खड्ड्यात बसून कागद लावायचा आणि उतरवायचा, हे काम त्याच्याकडे असायचं. आदल्या दिवशी तो घरी येऊन बहिणीसमोर शब्द देऊन गेला होता.

"दाजी, तुम्ही फक्त आवाज काढा. भोकं पाडायला माझ्या खिशात पेन्सिल आहे."

यंदा प्रश्न सरावाच्या काडतुसांचा होता. नेहमीची महाग झाली, म्हणून तीन दुकानदारांकडून स्वस्तातले नमुने मागवले होते. प्रत्येकातली पाच-पाच झाडून कुठली घ्यायची ते ठरवायला खरेदीसाहेब जातीने आले होते. खरेदीसाहेबांनी उभ्या जन्मात टाचण्या, डिंक आणि फायलींच्या नाड्या यापलीकडे काही खरेदी केलं नव्हतं. काडतूस त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं. बंदुकीच्या आवाजाची त्यांना इतकी धास्ती की खुर्ची उलटी, भिंतीकडे तोंड करून मांडली होती. कानांत कापूस, कापसावर तळहात, आणि लाल बावट्याची काठी दोन गुडघ्यांत. त्यांचं काम एवढंच. बावटा वर करायचा, डोळे मिटून शंभर आकडे मोजायचे, बावटा खाली करायचा. बावटा खाली आला की मेहुणा कागद उतरवणार.

पहिल्या नमुन्याच्या पाच गोळ्या गेल्या. साहेब पाच वेळा खुर्चीतून वीतभर उडाले. मेहुण्याने कागद आणला. ठिपक्याभोवती पाच भोकं, जरा विखुरलेली. पहिल्याच फटक्याला फार नेमकं दाखवलं तर संशय येईल, एवढी अक्कल त्याला होती. दुसऱ्या नमुन्यात भोकं जराशी जवळ सरकली. साहेबांनी फायलीत 'बरा' आणि 'बऱ्यापैकी' असे शेरे मारले आणि या वयात असा नेम म्हणजे कमालच म्हणून पहारेकऱ्याची पाठ थोपटली. पहारेकऱ्याने लाजून खाली पाहिलं. खाली निदान स्वतःचे बूट तरी दिसत होते.

तिसरा डबा सगळ्यांत स्वस्त होता, पहिल्याच्या निम्म्या दरात. बावटा वर गेला. पहारेकऱ्याने चाप ओढला. खट्. जरा थांबून त्याने ते काडतूस काढलं, दुसरं भरलं. खट्. तिसरं, चौथं, पाचवं. पाचही फुसकी.

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. बंदूक वाजलीच नाही, हे कानाला मफलर गुंडाळून खड्ड्यात बसलेल्या मेहुण्याला कोण सांगणार? बावटा तसाच राहू द्या म्हणून तो साहेबांच्या दिशेने ओरडला. साहेबांच्या कानांत कापूस. शंभर आकडे भरले आणि बावटा खाली आला. पहारेकरी उठला, बांधाच्या दिशेने धावत सुटला आणि त्या सायीतून थेट वाटेतल्या वाळूच्या पोत्यांवर जाऊन आदळला. पोत्यांवरून मान वर काढतो तर मेहुणा कागद फडकवत समोर हजर. तिसऱ्या कागदापर्यंत त्याचा हात चांगलाच बसला होता. पाचही भोकं ठिपक्याच्या पोटात, शर्टाच्या एका बटणाखाली झाकतील अशी.

एकही गोळी उडाली नाही, हे पहारेकऱ्याने त्याच्या कानात सांगितलं. मेहुण्याने घाईघाईने कागदाची घडी केली आणि ती तोंडात कोंबणार, तोच साहेबांनी येऊन ओढून घेतली.

साहेबांनी कागद उन्हात धरून पाहिला. मग कानातला कापूस उपसत ते चटईकडे वळले. पहिल्या दोन नमुन्यांच्या काळ्या, रिकाम्या पुंगळ्या एका बाजूला पडल्या होत्या. दुसऱ्या बाजूला तिसऱ्या नमुन्याची काडतुसं. पाचच्या पाच, अख्खी, चकचकीत. साहेबांनी त्यातलं एक उचललं, उलटसुलट केलं.

"हे झाडलंत?"

"पाचही वेळा चाप ओढला, साहेब," पहारेकरी म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं. आठ महिने, पेन्शन आणि बायकोचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढून सरकला, तोही अंधूकच.

साहेबांनी काडतूस पुन्हा चटईवर ठेवलं. नंतर त्यांनी खुर्ची सरळ केली, फायल मांडीवर घेतली आणि एकेक शब्द मोठ्याने म्हणत लिहू लागले.

"नमुना तिसरा. नेम अचूक. आवाज नाही, धूर नाही, आणि झाडलेलं काडतूस जसंच्या तसं परत मिळतं. एकच डबा घ्यावा. कारखान्याला जन्मभर पुरेल."