झुलत्या पुलाचा वेग

दुपारी चारच्या सुमारास क्रेनवाल्याने झुलता पूल पार केला आणि खूश होण्याऐवजी त्याच्या कपाळाला आठी पडली. टीव्हीच्या पडद्यावर व्हिडिओ गेममधला त्याचा ठेंगू शिपाई पलीकडच्या काठावर नाचत होता. मागच्या महिन्यात हाच शिपाई पहिल्या फळीवरून खाली कोसळायचा.

“झाला का पार?” बायकोने आतून विचारलं.

“झाला. जरा जास्तच सहज झाला.”

“म्हणजे हरलात तरी तोंड पाडायचं, जिंकलात तरी पाडायचं!”

तो उजव्या हाताची बोटं उघडमीट करत राहिला. अर्धांगवायूचा झटका सौम्य होता, कामावर जायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पण डॉक्टर यार्डातल्या क्रेनमध्ये बसत नाहीत. तिथे लोखंडाचा नग हवेत लोंबकळत असतो. खाली हुक सोडवणारी माणसं उभी असतात. दांड्यावरचा हात पापणी लवायच्या आत वळला नाही, तर कोणाच्या तरी घरी निरोप न्यावा लागतो. म्हणून त्याने मनाशी एक नियम केला होता. तो बायकोला सांगितला नव्हता, लेकीला तर नाहीच. तरुणपणी हा पूल तो हसतखेळत पार करायचा. तसा पुन्हा करता आला, तरच क्रेनची शिडी चढायची.

खेळाचा डबा लेकीने घरी बनवला होता. ती कॉम्प्युटरच्या चिपांचंच काम करायची. बाबांच्या हाताला व्यायाम होईल, मनही रमेल, एवढाच तिचा विचार. पिक्चर ट्यूबचा जुना टीव्हीही तिनेच कुठूनसा पैदा केला, कारण सपाट टीव्हीवर बटण दाबल्यावर चित्र किंचित उशिरा हलतं. “ही नक्कल नाही हं, बाबा,” ती म्हणाली होती. “या चिपमध्ये आपण लिहू तसं सर्किट तयार होतं. जुन्या मशीनचं अख्खं सर्किट हिच्यात उतरवलंय.” तेव्हा त्याला केवढं कौतुक वाटलं होतं. आता तेच बोलणं सलायला लागलं. आपण लिहू तसं तयार होतं, तर वेगही आपण लिहू तोच असणार.

रात्री जेवताना त्याने सरळ विचारलं, “तू तो गेम सावकाश केलायस का?”

“बाबा! तुमच्याशी चीटिंग करू मी?” लेक हसली. पण हसताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, ताटाकडे पाहिलं.

कुठेतरी पाणी मुरत होतं. झटक्यानंतर त्याचा स्वतःच्या कानांवर भरवसा उरला नव्हता. खेळातलं संगीत रेंगाळतंय की आपल्याला तसं वाटतंय, हे त्याला ठरवता येईना. या खेळाच्या फोनवरच्या व्हिडिओंचा उपयोग नव्हता. ते कोणी कुठल्या वेगाने चढवले, देव जाणे.

“कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याकडे त्या काळातलं अस्सल मशीन आहे,” तो म्हणाला. “तेच आणून बघतो.”

“आणा की,” लेक म्हणाली.

“अहो, पोरीवर पहारा बसवताय की काय?” बायको वैतागली.

सलूनवाला जुना दोस्त. त्याने मशीन माळ्यावरून काढून ठेवायला दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी क्रेनवाल्याने ते पिशवीत घालून घरी आणलं. पिवळं पडलेलं प्लास्टिक, एका कोपऱ्याला जुनी चीर, खेळाची कॅसेटही त्या काळातली. शंकेला जागाच नव्हती. घरात कोणी नसताना त्याने ते टीव्हीला जोडलं.

संगीत तेच वाजलं, लेकीच्या डब्यावर वाजायचं त्याच वेगाने. फळ्या तशाच हलल्या. त्याचा अंगठा बरोबर वेळेवर पडला आणि शिपाई पलीकडे पोचला. त्याने पुन्हा खेळून पाहिलं, आणि मग पुन्हा. शिपाई एकदाही पडला नाही. उगीच पोरीवर संशय घेतला, असं वाटून तो एकटाच ओशाळला.

त्याने लगेच मुकादमाला फोन लावला. “उद्या सकाळच्या पाळीला माझं नाव लावा.”

“सुटलो बुवा!” मुकादम म्हणाला. “मोठा नग उतरवायचाय. नवा पोरगा नुसत्या विचारानेच घामाघूम झालाय. हात कसा आहे?”

“होता तसा.”

मशीन परत करायला तो सलूनमध्ये गेला, तेव्हा सलूनवाला एका गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावत होता.

“चाललं का नीट?” त्याने आरशातूनच विचारलं.

“अगदी नव्यासारखं.”

“चालणारच! काल तुमची लेक येऊन गेली ना. म्हणाली, काका, बाबा मशीन न्यायला येतील, आधी जरा साफ करून देते. तिथे बाकावर बसून सगळं उघडलं. चहासुद्धा घेतला नाही. नशीबवान आहात, दादा.”

“साफ केलं फक्त?”

“छे, आतली ती चिपा बसवलेली हिरवी पाटी असते ना, तीच बदलली. जुनी सोबत घेऊन गेली.”

क्रेनवाला बाकावर टेकला. त्याने लेकीला फोन लावला. रिंग वाजत राहिली. त्याने परत लावला. मधेच मुकादमाचा निरोप येऊन पडला: नाव लावलं आहे, खालची माणसंही ठरली आहेत.

सलूनवाल्याने दुकानाचं शटर खाली ओढलं, तोवर लेकीने फोन उचलला नव्हता. आणि क्रेनवाल्याने नाव काढायला मुकादमाला फोन केला नव्हता.