खुशाल जवळ घ्या

धाकटीच्या फुप्फुसात क्षयाचे जंतू सापडले, तेव्हापासून तिची तान्ही लेक थोरल्या जावेच्या खोलीत वाढत होती. धाकटीनं खोकला सोसला, संध्याकाळचा ताप सोसला. पण भिंतीपलीकडचं लेकीचं रडणं काही सोसवेना. आज तपासणीचा निकाल बघून डॉक्टर म्हणाले, "थुंकीत जंतू उरले नाहीत. गोळ्या मधेच सोडू नका, पण लेकीला आता खुशाल जवळ घ्या." धाकटीनं तडक घरी येऊन हात पसरले. लेकीनं थोरलीच्या मानेत तोंड खुपसलं. "अगं वेडे, आई आहे ही तुझी," थोरली कसंबसं म्हणाली. तिची कूस कधी उजवलीच नव्हती. लेकीच्या पाठीवरचा तिचा हात सुटत नव्हता. धाकटीला उमगलं, हिसकावून घेतलेली लेक आपली होणार नाही. "राहू द्या, जाऊबाई," म्हणत तिनं दोघींनाही मिठी मारली. जरा वेळानं लेकीनं धाकटीची वेणी मुठीत धरली.