घट हलत नाही

"बॉयलर ग्रँड आहे, काही बिघाड नाही," डर्मट हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर येत म्हणाला.

"मग घर का तापत नाही?" नितेशने विचारलं. तोंडातून वाफ निघत नव्हती एवढंच. बाकी त्याच्या पॅसेजमध्ये आणि बाहेर आयर्लंडमधल्या मलिंगारच्या रस्त्यावर फारसा फरक नव्हता.

हिवाळ्याआधीच्या सर्व्हिसिंगसाठी घरमालकाने डर्मटला पाठवलं होतं. त्याने बॉयलर उघडून साफ केला, खोल्या तापवणाऱ्या एकेका रेडिएटरमधली अडकलेली हवा काढली. सगळं ठाकठीक होतं. रेडिएटर मात्र हात लावावा तर गार. उद्या सकाळी नितेशची बायको पूर्वा मुलीला घेऊन हॉस्पिटलमधून घरी यायची होती. मुलगी पाच आठवडे आधीच जन्मलेली, आधी काचेच्या पेटीत आणि मग वॉर्डाच्या उबेत राहिलेली. घर चांगलं उबदार हवं, असं नर्सने बजावून सांगितलं होतं. पूर्वाचे सकाळपासून सारखे मेसेज येत होते : गरम झालं का? नितेशने उत्तर दिलं नव्हतं. त्याला भीती वाटत होती, आणि ती तो चिडचिडीखाली लपवत होता.

जिन्याखालच्या कोपऱ्यात नितेशची आई, विजयालक्ष्मीबाई, घटाला पाचवी माळ घालत होत्या. सुनेच्या बाळंतपणासाठी सांगलीहून येताना त्यांनी समई बॅगेत घालूनच आणली होती. घट बसवायला घरभर फिरून त्यांनी हाच कोपरा निवडला, कारण इथं वारा लागत नाही, नंदादीप विझायची भीती नाही. टेबल, टेबलावर चौरंग, चौरंगावर घट आणि मागे टेबलावरच भिंतीलगत समई. तेवढ्याने निम्मा पॅसेज अडला. परवा बाबागाडी आत घेताना नितेश म्हणाला होता, "आई, टेबल जरा पलीकडे घेऊया का?"

"घट हलत नाही," त्या म्हणाल्या होत्या. "दसऱ्यापर्यंत देवी बसलीय. आणि नात घरी येईपर्यंत दिवा विझू देणार नाही, असं बोललेय मी तिला."

बाबागाडी मागच्या दाराने, चिखलातून आली. सांगलीत एका नवरात्रात त्यांनी रंगाऱ्यांना घरी पाठवून दिलं होतं. अर्धा निळा, अर्धा पिवळा हॉल दसऱ्यापर्यंत तसाच राहिला. नितेशने वाद घालायचं केव्हाच सोडलं होतं.

"बॉयलरला कोणी 'तापव' म्हणून सांगतच नाहीये," डर्मट म्हणाला. "थर्मोस्टॅट कुठाय तुमचा?"

नितेशने बोट दाखवलं. समईच्या ज्योतीच्या बरोबर वर, वीतभर अंतरावर, भिंतीला जुन्या पद्धतीची गोल चकती होती. आकडे दाखवणारा पडदा वगैरे काही नाही. फिरवायची आणि विसरून जायची. नितेशने ती कधीच शेवटपर्यंत फिरवून ठेवली होती. डर्मटने तिच्यावर हात ठेवला आणि मग नितेशलाही ठेवायला लावला. प्लास्टिक चांगलंच तापलं होतं.

"बिचाऱ्याला वाटतंय, घरात उन्हाळा आहे," डर्मट म्हणाला. "दिवा हलवा, झालं काम."

"तो हलवता येत नाही."

"दिवा?"

"पुढच्या आठवड्यापर्यंत नाही."

डर्मटने दिव्याकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. त्यालाही आई असावी. त्याने पुढे काही विचारलं नाही. "मग थर्मोस्टॅटच दुसऱ्या भिंतीवर न्यावा लागेल. वायर ओढायला लागणार. मंगळवारी येतो."

"काय म्हणतोय तो?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. मंगळवारी परत येतो म्हणतोय."

"आणि बाळ उद्या येणार."

"पूर्वाला सांगतो, अजून थोडे दिवस तिथेच थांबा म्हणून."

बाई उठल्या. दोघांचे हात कुठे गेले ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांनीही चकतीवर तळवा टेकला आणि तसाच ठेवला. मग खाली घटाकडे पाहिलं. धान दिव्याच्या बाजूने बोटभर वाढलं होतं, अलीकडच्या बाजूला नुसते मोड. कालच त्यांनी नितेशला कौतुकाने दाखवलं होतं : बघ, अख्ख्या घरात ऊब कुठे असेल तर ती देवीपाशी.

"म्हणजे घर मीच गार केलं," त्या म्हणाल्या. आवाज एकदम बारीक झाला होता.

"आई, तसं नाही गं."

"बाळासाठीच लावला होता रे दिवा."

बाईंनी डोळे पुसले, पदर खोचला.

"टेबल धर."

"अगं, पण घट..."

"धर म्हटलं ना. त्यालाही धरायला सांग. आणि आधी बूट काढ म्हणावं."

डर्मटने बूट काढले. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. दोघांनी टेबल दोन्ही बाजूंनी उचललं, आणि बाई ज्योतीभोवती हातांचा आडोसा धरून, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत बरोबर चालल्या. पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला टेबल टेकलं. ज्योत आडवी झाली, फडफडली आणि पुन्हा सरळ उभी राहिली.

मग चकती गार होईपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं. नितेशने चहा टाकला. तिघे कप धरून त्या चकतीकडे बघत उभे राहिले. चहा संपत आला तेव्हा भिंतीवर टक् झालं, आणि स्वयंपाकघरात बॉयलर घुमायला लागला.

"देअर शी गोज, झाला चालू," डर्मट बूट चढवत म्हणाला.

नितेशने रेडिएटरवर हात ठेवला. तो कोमट होईपर्यंत काढला नाही. मग पूर्वाला उत्तर पाठवलं आणि आईकडे वळला.

"आई, टेबल नेताना देवीला काय म्हणत होतीस?"

बाई समईत तेल घालत होत्या.

"काय म्हणणार? म्हटलं, नात घरी येतेय, जरा सरकून बस."